जर्मनीत सोडा कुठे मिळेल?

प्रश्न : शिक्षणासाठी मी जर्मनीत आले आहे. लिंबूसरबतासाठी सोडा मागितला, तेव्हा दुकानदाराने धुण्याच्या सोड्याची पुडी हातावर ठेवली. आता काय मागावे?

उत्तर : त्याची चूक नाही, जर्मनीत ‘सोडा’ म्हणजे बहुधा तोच! आपण ‘मिनरालवासर’ मागावे. हे कोणत्याही किराणा दुकानात मिळते आणि बाटलीवर ‘क्लासिक’ लिहिलेले असल्यास बुडबुडे भरपूर, ‘मेडियम’ असल्यास बेताचे, तर ‘श्टिल’ असल्यास मुळीच नसतात. सरबतासाठी ‘क्लासिक’च घ्यावे, मात्र या पाण्याला खनिजांची स्वतःची चव असल्याने मीठ जपून घालावे. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत आकारली जाते. रिकामी बाटली न चेपता दुकानातील यंत्रात टाकल्यावर मिळणारी पावती गल्ल्यावर दिली की अनामत परत मिळते.