गंजलेला पत्र्याचा स्विमिंग पूल: दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न: आमच्या परसात जमिनीवर उभारलेला पत्र्याचा गोल पूल आहे. व्यास 15 फूट, पाणी साडेतीन फूट. स्किमरखाली (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड) तांबडे ओघळ आलेत आणि दोन खांबांच्या बुडाशी पत्रा फुगलाय. रंगारी म्हणतो, घासून रेड ऑक्साइड मारला की झालं. चालेल का?
– एक वाचक, शिवोली

उत्तर: नुसत्या रंगाने भागणार नाही. ओघळ डोळ्यांना खुपतात, पण खरी काळजी त्या फुगलेल्या पत्र्याची करा. तुमच्या पुलात सुमारे साडेसतरा हजार लिटर पाणी मावतं. लायनर, म्हणजे आतलं प्लॅस्टिकचं अस्तर, ते फक्त अडवतो, भार पेलतो तो पत्रा. पत्र्याची दोन टोकं जिथे बोल्टांनी जोडलेली असतात, त्या उभ्या जोडावर पूल भरलेला असताना साधारण 1.3 टन ओढ असते. पत्र्याने दगा दिला तर नुसती गळती होत नाही, भिंत एकदम उघडते. तपासणी होईपर्यंत मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

आधी पंपाची वीज तोडा आणि पाणी निम्म्यावर आणा. उंची निम्मी झाली की जोडावरची ओढ चौथाईवर येते. मग बोल्टांची रांग, पत्रा ज्या खाचेत उभा असतो ती तळाची पट्टी, आणि स्किमर व रिटर्नची (गाळलेलं पाणी पुलात परत येतं त्या तोंडाची) भोकं, या तीन जागी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले, तर टोकाने हलकेच दाबा. लायनर लगेच मागेच आहे, जोर लावू नका.

पत्रा टणक लागला तर गंज वरवरचा आहे, पूल वाचतो. बोल्टांच्या रांगेत पत्रा पातळ झाला असेल किंवा तळाशी टोक आत शिरलं, तर भिंत बदलाच. पाण्याचा दाब सगळ्यात जास्त तळाशीच असतो. तुमचा पत्रा नेमका तिथेच फुगलाय, म्हणून मला आशा कमी वाटते. पावसात उडालेली तांबडी माती बुडाशी साचते, महिनोन्‌महिने ओली राहते आणि जस्ताचा थर संपवते. नुसता खांबच कुजला असेल, तर तेवढा खांब बदलता येतो.

स्किमरखालचे ओघळ बहुधा गॅस्केट (जोडातली रबरी पट्टी) गळत असल्याची खूण. पाणी लायनरमागे झिरपतं आणि पत्रा आतून खातं, म्हणून बाहेर डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथे तळहाताएवढं भोक निघालं तर ठिगळ चालतं. गंज काढून त्याच जाडीचा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा घ्या, भोकाच्या चहूबाजूंनी 15 सेंटिमीटर चांगल्या पत्र्यावर जाईल एवढा. कोपरे गोल करा, पॉलियुरेथेन सीलंट लावून दर 5 सेंटिमीटरवर रिव्हेट मारा. रिव्हेटचं सपाट डोकं आतल्या बाजूला येऊ द्या आणि वरून टेप लावा, नाहीतर लायनरला भोक पडेल. नुसती एपॉक्सी पुट्टी भरू नका, ती भार पेलत नाही.

यासाठी लायनर काढावा लागतो. जुना लायनर पाणी काढल्यावर आकसतो आणि परत ताणताना फाटतो, तेव्हा नव्या लायनरचा खर्च धरूनच हिशेब करा. ठिगळं दोनापेक्षा जास्त लागणार असतील तर तो पैसा नव्या पुलात घालणं बरं.

रंगाचं म्हणाल, तर आधी खाऱ्या वाऱ्याने पत्र्यावर बसलेलं मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढा. मिठावर दिलेला रंग फुगतोच. पत्रा घासून चकचकीत करा, झिंक-रिच प्रायमर, मग एपॉक्सीचे दोन हात आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. एपॉक्सी एकटा उन्हात खडूसारखा सुटतो. हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढा. पावसाळी वाऱ्यात पूल रिकामा ठेवू नका, पाण्याचा आधार नसला की पत्रा दुमडतो.

प्रश्न: नवा पूल घेताना मिठावर चालणारा क्लोरिनेटर घ्यावा का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं हे यंत्र पत्र्याच्या पुलाला मी सुचवणार नाही. हजार लिटरला साधारण 3 किलो मीठ लागतं आणि उडालेलं पाणी कडेवर वाळून तिथेच गंज धरतं. घ्यायचाच असेल तर कडा आणि खांब रेझिनचे (प्लॅस्टिकचे) निवडा. पूल मातीवर न ठेवता काँक्रीटच्या जोत्यावर, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 10 सेंटिमीटर उंच बसवा आणि भोवती दोन फूट खडी पसरा. पंपाच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) हवाच.