हीटर तिचा, बिल माझं

प्रश्न : नमस्कार. मी कोथरूडला राहते, वय ६८, मिस्टर गेल्यापासून टू बीएचकेमध्ये एकटीच, मुलगा बंगलोरला. त्याच्याच आग्रहाने जूनपासून एक मुलगी पेइंग गेस्ट ठेवलीये. सावंतवाडीची आहे, आयटीत आहे, स्वभावाने गोड, त्याबद्दल तक्रारच नाही. भाडं "लाइट-पाण्यासकट" असं ठरलं होतं. दिवाळीपर्यंत बिल थोडंफार वाढलं, मी मनावर घेतलं नाही, पण डिसेंबरचं बिल आलं ते ३२० युनिटचं! मागच्या डिसेंबरला माझं एकटीचं ९५ होतं. तिला थंडी सोसत नाही म्हणून तिने रॉडचा हीटर आणलाय. शिवाय गीझर तासन् तास चालू राहतो असा माझा संशय आहे, आणि लॅपटॉप-मोबाईल तर बघावं तेव्हा चार्जिंगला. मी गीझरच्या बटणाशेजारी पाटी लावली, "गीझर १० मिनिटांत बंद करावा, पाणी तापते, उकळायचे नाही", तर तिने त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि वर मलाच हसत दाखवला. आता बिल निम्मं निम्मं मागू का? मुलगा म्हणतो भाडं वाढव, शेजारच्या वहिनी म्हणतात हीटर बंद करायला सांग. पण पोरीला कुडकुडत ठेवायचं माझ्या जिवावर येतं.

उत्तर : काकू, पाटी झकास आहे, काढू नका. पण खरा चोर गीझर नाहीये, मोबाईल तर नाहीच नाही. महिनाभर रोज मोबाईल चार्ज केला तरी अर्धा-पाऊण युनिटच्या पुढे जात नाही, आणि लॅपटॉप रोज आठ तास धरला तरी महिन्याला १०-१२ युनिट. तेवढ्यावरून तिला बोलला असाल तर ते मागे घ्या.

हिशोब सोपा आहे. १००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. तिच्या हीटरच्या मागे स्टिकर असेल तो वाचा, दोन रॉडवाले बहुतेक ८०० नाहीतर १००० वॉटचे असतात, आपण १००० धरू. रात्री ११ ला लावला आणि सकाळी ६ ला बंद केला तर झाले सात युनिट, एका रात्रीचे! मधे चार-पाच दिवस ती गावाला गेली असेल असं धरलं तरी २६ रात्रींचे १८२. आता गीझर. आपल्याकडे डिसेंबरात टाकीचं पाणी साधारण २० अंशाला असतं, ते अंघोळीपुरतं ४० ला न्यायचं तर २० लिटरच्या बादलीला अर्धा युनिट लागतो, ती दोन बादल्या घेत असेल तर रोज एक युनिट, म्हणजे २६. त्यात लॅपटॉपचे १०. बेरीज झाली २१८, आणि तुमचा फरक आहे २२५ चा. सापडलं की नाही?

निम्मं निम्मं मात्र मागू नका, त्यात तुमचाच तोटा आहे. ३२० चे निम्मे १६०, तुमचा वापर ९५, म्हणजे तिचे ६५ युनिट तुम्ही स्वतःच्या खिशातून भरणार. वर स्लॅबची, म्हणजे दराच्या टप्प्यांची, भानगड आहेच. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० युनिटपर्यंत, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि पुढे त्याच्याही वर. दुसऱ्या स्लॅबचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास आहे. तुम्ही एकट्या होतात तेव्हा अख्ख्या स्वस्तातल्या स्लॅबमध्ये बसत होतात, आता तिचे जवळजवळ सगळे युनिट महागातल्या स्लॅबमध्ये पडतात आणि वरचे २० तर तिसऱ्यात. (१०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, वरचा दर फक्त वरच्या युनिटना.) या सगळ्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चातल्या चढउताराचं) आणि १६ टक्के वीज शुल्क, म्हणून युनिट जवळजवळ साडेतीनपट झाले तर बिल त्याहून जास्त पट झालेलं दिसतं आणि आपल्याला वाटतं मीटर पळतोय.

आता माझं स्पष्ट मत, आवडणार नाही कदाचित. डिसेंबरचं बिल तुम्ही भरा, एक रुपया मागू नका. "लाइटसकट" हा शब्द तुम्ही दिलात, तेव्हा हीटर डोक्यात नव्हता ही चूक तुमची, तिची नाही. पण बिल तिच्यासमोर टेबलावर ठेवा, मागच्या वर्षीचंही ठेवा, आणि वरचा सात युनिटचा हिशोब तिला करून दाखवा. आयटीतली मुलगी आहे, आकडे तिला पाटीपेक्षा लवकर पटतील.

आणि पुढच्या महिन्यापासून असं ठरवा : भाड्यात तिचे ५० युनिट धरलेले, त्यात पंखा, दिवे, लॅपटॉप, अंघोळ सगळं आरामात बसतं. त्याच्यावर जेवढे जातील तेवढ्याचे पैसे तिने वेगळे द्यायचे. दर काय लावायचा? चालू महिन्याचं बिल, मागची थकबाकी असेल तर ती वगळून, भागिले एकूण युनिट. जो आकडा येईल तो दर, दोघींनाही तोच. यात तुमचे ९५ थोडे महाग पडतात हे मला कळतंय, पण "तुझ्यामुळे माझा स्लॅब गेला" हा हिशोब दर महिन्याला मांडत बसलात तर घरातली हवा बिघडेल, त्यापेक्षा पुढच्या वेळी भाडं ठरवताना दोन-तीनशे तिथेच वाढवून घ्या. करार नवा कराल तेव्हा त्यात लाइटबिलाची ओळ घाला, लिव्ह अँड लायसन्स तसंही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी आणि रजिस्टर करावंच लागतं.

मोजायचं कसं, तर तिच्या अख्ख्या खोलीला सब-मीटर बसवायचा झाला तर तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मीटर मिळतो, पण जुन्या फ्लॅटमध्ये वायरिंग खोलीवार वेगळं नसतं, वायरमन भिंत फोडायची भाषा करेल. तुमच्या बाबतीत हीटर एकटाच मोजला तरी पुरे, बाकीचं तिचं त्या ५० मध्ये बसतंच. प्लगमध्ये घालायचा छोटा मीटर मिळतो, हीटर त्याच्यात लावायचा, युनिट समोर दिसतात. फक्त १६ अँपचा घ्या आणि पॉवर पॉइंटलाच, म्हणजे १६ अँपच्या मोठ्या प्लगलाच, लावा. हे मी अनुभवाने सांगतेय. आमच्याकडे एक मुलगा राहायचा त्याने २००० वॉटचा ब्लोअर टेबलाजवळच्या साध्या प्लगला एक्स्टेन्शन लावून चालवला, म्हणजे जवळपास नऊ अँप, आणि तो प्लग असतो सहाचा. पहाटे चारला मासळी जळल्यासारखा वास आला म्हणून उठले तर एक्स्टेन्शनचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन मऊ पडलेलं, चटई दोन बोटांवर. तेव्हापासून मी आधी प्लगला हात लावून बघते, गरम लागतोय का.

आता थंडीचं बघू, कारण ती खरी आहे. कोकणातली पोर, पुण्यात पहाटे पारा १० च्या खाली गेला की तिला ते काश्मीरच. ऑइलवाला हीटर स्वस्त पडतो असं दुकानदार सांगेल, नाही पडत. रॉड, ब्लोअर, ऑइल, एका युनिटची ऊब सगळ्यांची सारखीच, फरक एवढाच की ऑइलवाल्याला थर्मोस्टॅट असतो, म्हणजे पुरेसं तापलं की तो आपोआप बंद होतो, आणि उघडा लाल रॉड नसल्याने आगीची भीती कमी. खरी बचत खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवण्यात आहे. अंथरुणावर घालायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट १०० वॉटच्या आसपास, सात तासांचा पाऊण युनिटही होत नाही, कुठे सात आणि कुठे पाऊण! घडी घालून लावायचं नाही, गादीखाली दाबायचं नाही, एवढं पाळा. हीटर झोपायच्या आधी तासभर आणि मग बंद. तुमचा फ्लॅट जुना म्हणजे खिडकीच्या वर झडपा असणार, त्या रात्री पुठ्ठा लावून बंद करा (खोलीत काही पेटतं नाही ना ते बघून), दाराखालच्या फटीला जुनी साडी गुंडाळून, फरशीवर सतरंजी. आणि माळ्यावर आईच्या हातची गोधडी असेल ना, ती काढा, उन्हात टाका आणि तिला द्या.

गीझरपुरतं एकच, दोघी पाठोपाठ अंघोळ करा. मधे बराच वेळ गेला की तापलेलं पाणी हळूहळू निवतं आणि तेवढं परत तापवावं लागतं.

प्रश्न : सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतो. घरमालक प्रत्येक युनिटला सरसकट १६ रुपये घेतात, सब-मीटर आहे. बरोबर आहे का?

उत्तर : मित्रा, बिलावर पहिल्या स्लॅबचा दर बघून "बघा किती लुटतात" म्हणू नकोस, त्यात वहन, इंधन, शुल्क, स्थिर आकार (दर महिन्याला ठरलेला) सगळं मिळवायचं असतं. पण सगळ्याच युनिटना वरच्या स्लॅबचा दर लावणंही बरोबर नाही. बिलाचा फोटो माग, नम्रपणे माग, "काका, खोलीवर हिशोब लिहून ठेवतोय" असं म्हण. एकूण रकमेला एकूण युनिटने भाग, जे येईल त्याच्या आसपास घेत असतील तर गप्प अभ्यास कर. बरंच जास्त निघालं तर तोच कागद त्यांच्यापुढे ठेव, आणि शक्यतो सकाळचा पेपर वाचून झाल्यावर, १ ते ४ मध्ये अजिबात नको.