बाबांचा १० फुटी लेथ : ठेवू की विकू?

प्रश्न : काका नमस्कार. आमच्या बाबांचं छोटं वर्कशॉप होतं. त्यात १० फुटी बेडचा (खालच्या लांब पायाचा) जुना गॅप बेड लेथ आहे, म्हणजे धातूचा दांडा फिरवून टूलने कापायचं मशीन, पट्ट्यावर चालणारा, आटे पाडायचे तर चेंज गिअर हाताने बदलावे लागतात असा. बाबा जाऊन २ वर्षं झाली, तेव्हापासून लेथ प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली उभा आहे. भाऊ म्हणतो निम्मी जागा अडलीये, भंगारात वजनावर देऊन टाक. आई म्हणते राहू दे. बाबांच्या हाताखाली मी फेसिंग (टोक सपाट करणं) आणि साधं टर्निंग (बाहेरून गोल कापणं) शिकलो होतो, आटे पाडणं नीट जमत नाही. माझी नोकरी वेगळीच आहे पण घरातल्या वस्तू, सायकल, पंप असलं दुरुस्त करायला मनापासून आवडतं. जुन्या मशीनला ॲक्युरसी राहत नाही असंही ऐकलंय. एकजण बघून गेला, तो म्हणतो आत्ता चक (काम धरून फिरवणारा पंजा) आणि स्टेडी (लांब दांड्याला मध्ये आधार देणारी चौकट) तेवढी द्या, मशीनचं नंतर बघू. काय करावं सुचत नाहीये.

उत्तर : आधी दोन गोष्टी ज्या आजच करायच्या आहेत.

पहिली, ती ताडपत्री काढा. प्लास्टिकखाली हवा कोंडते, रात्री बीड गार पडतं आणि आतली ओल बेडवर दवासारखी बसते, वरून पाणी येत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो आणि गंज खालूनच चढत राहतो. बेड, लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू), टेलस्टॉकचा (चकसमोरच्या टोकाच्या आधाराचा) बॅरल सगळं रॉकेलने पुसून घ्या, वर जाडसर तेलाचा हात मारा आणि झाकायचंच तर जुनी चादर टाका. गंज दिसला म्हणून बेडवर एमरी पेपर मात्र घासू नका, त्याची पूड कॅरेजखाली (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाखाली) शिरते आणि गंजाने केलं नसतं एवढं नुकसान ती करते.

दुसरी, त्या माणसाला चक आणि स्टेडी देऊ नका. अजिबात नाही. फोर जॉ चक, फेसप्लेट, दोन्ही स्टेडी, सेंटर, चेंज गिअर, चाव्या, हे सगळं मशीनचंच अंग आहे, ते गेलं की मागे उरतं ते खरोखरच भंगार. मी स्वतः एकदा ६ फुटी लेथ विकला आणि गिअरची पेटी शेडच्या कोपऱ्यात राहून गेली, सापडली तेव्हा तो लेथ तिसऱ्याच माणसाकडे गेला होता आणि त्याचा पत्ता काही लागला नाही. आजही ती पेटी बघितली की वाईट वाटतं, कारण त्या मशीनवर आता कोणी धड आटे पाडू शकत नसणार. तुमच्याकडे गिअर मोजून ठेवा, प्रत्येकाचे दाते लिहून ठेवा. लीड स्क्रू इंची असेल तर १२७ दात्यांचा गिअर आहे का ते आवर्जून शोधा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७, त्यामुळे तो एक गिअर असला की इंची लेथवर मिलिमीटरचे आटे बिनचूक निघतात. घेणारा जाणकार असेल तर तो सगळ्यात आधी हेच विचारेल.

आता ॲक्युरसीचं. जुनं म्हणजे झिजलेलं हे सरसकट खरं नाही. जुन्या बिडाच्या ओतकामाला जो काय पीळ-ताण सोडायचा असतो तो त्याने कधीच सोडलेला असतो, आणि एवढं वजन खाली असलं की कंप शोषला जातो, हलक्या नव्या मशीनवर टूल किंचाळतं तिथे हा शांतपणे चिप काढतो. झीज कुठे असते तर चकजवळच्या दीड-दोन फुटांत, कारण निम्म्याहून जास्त कामं तिथेच होतात. ती बघायची सोपी रीत आहे : कॅरेज चकजवळ आणा, तिथे त्याची ढिलाई जाईल एवढ्या खालच्या पट्ट्या आवळा आणि मग हाताने टेलस्टॉककडे न्या. शेवटपर्यंत सारखं चाललं तर बेड चांगला, मध्येच घट्ट होऊन अडकलं तर चकजवळ बेड खाल्ला गेलाय. थोडं जड झालं तर घाबरू नका. सपाट बेडवर टूल सरळ खाली ०.१ मिमी उतरलं तरी ५० मिमीच्या जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) व्यासात फरक पडतो जेमतेम ०.०००४ मिमी, म्हणजे कुठल्याच साध्या मायक्रोमीटरला दिसणार नाही. पण तेच टूल आडवं ०.१ मिमी सरकलं तर व्यासात थेट ०.२ मिमी. म्हणून व्ही बेडची (उलट्या व्हीसारख्या उतरत्या कडांच्या बेडची) झीज जास्त त्रास देते, कॅरेज तिरकं बसतं आणि टूल जॉबपासून आडवं लांब जातं.

मग स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा मुख्य दांडा. चकखाली लाकडी दांडा घालून वर उचलून बघा, वर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं घड्याळ) लावा. दोन-तीन शतांश मिलिमीटर हललं तर काही नाही, त्याहून जास्त असेल तर बेअरिंगच्या शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) काढून बऱ्याचदा जमवता येतं. गिअरचा दाता तुटलाय का, हेडस्टॉकला (स्पिंडल बसलेल्या पेटीला) कुठे तडा किंवा जुनं वेल्डिंग आहे का, हे टॉर्च मारून नीट बघा. क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल पाव फेरा रिकामं फिरत असेल तर त्यात जीव अडकवू नका, तो नट गनमेटलचा असतो, नवा करून मिळतो, किंबहुना याच लेथवर करता येतो. आणि गॅपचा तुकडा (मोठा जॉब फिरावा म्हणून चकजवळ बेडमधून निघणारा) बसलेला असेल तर उगाच काढू नका, एकदा काढला की पुन्हा तसाच्या तसा बसेल याची खात्री नसते.

तर हे सगळं तपासून बेड चांगला निघाला असं समजू. तरीही माझं मत विचाराल तर विका.

मला माहितीये आईंना हे आवडणार नाही, आणि मलाही लिहिताना सोपं जात नाहीये. पण तुमची कामं बघा ना, सायकलचा बुश, पंपाचा शाफ्ट, एखादी पिन. हे सगळं हाताच्या लांबीत मावणारं काम आहे आणि त्यासाठी १० फूट बेड, त्याच्या चहूबाजूंनी फिरायची जागा, दोन टनांच्या आसपासचं वजन, हे सगळं सांभाळायचं. मशीन जुनं आहे म्हणून मी विका म्हणत नाहीये, ते तुमच्या कामापेक्षा फार मोठं आहे म्हणून म्हणतोय. लांब शाफ्ट, रोलर, मोठ्या पुल्या करणारा टर्नर कुठेतरी असाच लेथ शोधत असेल, त्याच्याकडे तो रोज चालेल. तुमच्याकडे तो महिन्यातून एकदा चालेल, मग दोन महिन्यांतून एकदा, आणि मग परत ताडपत्री. आलेल्या पैशातून ३-४ फुटी बेडचा लहान लेथ बघा, त्यावर आटे पाडायला शिकाल, जागाही मोकळी होईल. बाबांचा मायक्रोमीटर आणि त्यांनी हाताने घासलेली टूलं मात्र ठेवून घ्या, टूलचे ते कोन बघून बघून शिकण्यासारखं खूप असतं, आणि ते नव्या लेथवरही उपयोगी पडतील. आईंना एकदा मशीन चालू करून दाखवा, त्याचा आवाज ऐकवा, मग बोला.

विकायचं तर चालू स्थितीत विका. बंद मशीनला घेणारा भंगाराचाच भाव बोलतो, तेच पट्टा चढवून, चकमध्ये एक दांडा धरून त्याच्यासमोर चिप काढून दाखवली की बोलणंच बदलतं. २ वर्षं बंद आहे तर लगेच स्विच दाबू नका, आधी सगळ्या तेलाच्या भोकांत तेल, स्पिंडल हाताने फिरवून मोकळा, मग सगळ्यात हळू स्पीडवर. थ्री फेज लाइन आता नसेल तर लहान मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून सिंगल फेजवर चालवता येते, ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, पण तुमचा चक आट्यांवर बसणारा असेल तर व्हीएफडीने झटकन ब्रेक किंवा उलटा फिरवू नका, चक उकलून अंगावर येतो.

उचलताना हेडस्टॉककडची बाजू जड असते, म्हणून कॅरेज आणि टेलस्टॉक लांबच्या टोकाला नेऊन आवळायचे, उचलायचा पट्टा बेडच्या आडव्या दांड्यांखालून घालायचा, स्पिंडल किंवा लीड स्क्रूला चुकूनही अडकवायचा नाही. यासाठी माणसं अनुभवी बोलवा, इथे पैसे वाचवू नका. आणि घेणाऱ्याला सांगा, नव्या जागी लेव्हल केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लेव्हल बघ, नाहीतर बेडला पीळ राहतो, जॉब टेपर (एका टोकाला बारीक) यायला लागतो आणि दोष मात्र मशीनला मिळतो.

प्रश्न : माझ्याकडे १८ इंची शेपर आहे, टूल पुढे-मागे नेऊन धातू तासणारं मशीन. चालतो उत्तम, पण सगळे म्हणतात मिलिंग आल्यापासून शेपरला कोण विचारतं, काढून टाक. लेथची फुटकळ कामं घेतो, वर्कशॉपमध्ये जागेची अडचण नाही. काढू का?

उत्तर : नका काढू. तुम्हाला विकून मिळणार भंगाराइतकेच, कारण शेपर हळू असतो, जाताना कापतो आणि येताना रिकामा येतो, त्यामुळे प्रॉडक्शनवाल्यांनी तो कधीच सोडला. पण लेथची कामं घेता म्हणजे पुलीच्या, गिअरच्या आतले कीवे (चावी बसायच्या खाचा) लागतातच, ते शेपरवर एका हायस्पीड स्टीलच्या टूलने होतात, ते टूल तुम्ही ग्राइंडरवर स्वतः घासणार, महागडे कटर घ्यायला नकोत. डव्हटेल (तिरक्या कडांची खाच) असो, आतली स्प्लाइन (भोकातल्या उभ्या खाचा) असो, टूलला हवा तो आकार द्या आणि लावा. जागा आहे, मशीन उत्तम आहे, मग घाई कसली. फक्त रॅम (टूल नेणारा सरकता भाग) मागे जिथवर येतो तिथे पक्कं रेलिंग लावून घ्या, तिथून ये-जा अजिबात नको, आणि क्लॅपर बॉक्सची (परत येताना टूल उचलू देणाऱ्या भागाची) पिन ढिली झालीये का ते बघा, शेपरवर फिनिश येत नाही अशी तक्रार असते त्यातल्या बऱ्याच वेळी दोष त्या एका पिनचा निघतो.