विम्याशिवाय मौंजारो, तेही ऑनलाइन डॉक्टरांकडून: वर्षाचा हिशोब आधी मांडा

ताई, तुम्ही विट्याहून विचारलंय की आईंचं वय ६२, मेडिक्लेम नाही, शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू आहे आणि वजनासाठी ऑनलाइन डॉक्टर मौंजारो (टिर्झेपटाइड, शुगर आणि वजनासाठी आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन) द्यायला तयार आहेत, तर महिन्याला किती धरायचे? महिन्याचे धरू नका, वर्षाचे धरा. मेडिक्लेम नाही याची खंतही नको. वजन कमी करण्याचे उपचार बहुतेक पॉलिसींमधून वगळलेलेच असतात.

मार्च २०२५ मध्ये हे औषध भारतात आलं तेव्हा २.५ मिग्रॅची कुपी ३,५०० ला आणि ५ मिग्रॅची ४,३७५ ला होती. आठवड्याला एक कुपी लागते. पहिले चार आठवडे २.५, म्हणजे १४,०००. पुढे ५ वर गेलं की चार आठवड्यांना १७,५००. बारा महिने धरले तरी दोन लाखांच्या वर जातं, आणि डोस १५ पर्यंत वाढू शकतो. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे आजची छापील किंमत बघून हाच हिशोब पुन्हा करा. पैसे संपले म्हणून चार महिन्यांत सोडलं तर भूक परत येते आणि गेलेलं वजनही बरंचसं परत येतं. वर्षाची सोय नसेल तर सुरूच करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. याच प्रकारच्या सेमाग्लुटाइड या दुसऱ्या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, म्हणून त्याचा स्वस्त देशी ब्रँड चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ऑनलाइन कंपनीचं तीन महिन्यांचं पॅकेज घेऊ नका. त्यात डाएट कोच, ॲप, डिलिव्हरी असं सगळं मिसळलेलं असतं आणि औषधाचा खरा भाव कळत नाही. फक्त कन्सल्टेशनची फी भरा. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) मागितलं नाही, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर होता का, हे विचारलं नाही, तर डॉक्टर बदला. ग्लिमेपिराइडचं आपणहून सांगा. दोन्ही मिळून शुगर एकदम उतरू शकते, त्यामुळे गोळीचा डोस बहुधा कमी करावा लागतो. तो डॉक्टरच ठरवतील.

औषध कुरियरने मागवू नका, सांगली-मिरजेतल्या मोठ्या मेडिकलमधून पक्क्या बिलावर घ्या. कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची. फ्रीजबाहेर ३० अंशांपर्यंतच चालते, तीही जास्तीत जास्त २१ दिवस. एप्रिल-मेमध्ये शनिवारी निघालेलं पार्सल रविवारभर गोदामात तापतं, आणि बिघडलेली कुपी दिसायला तशीच दिसते. एस.टी.ने आणताना आइसबॉक्स घ्या, पण जेल पॅक आणि कुपीमध्ये फडकं घाला. गोठलेली कुपी फेकूनच द्यावी लागते.

कुपीत अर्धा मिली असतं, एका वेळचंच. सिरिंज वेगळी घ्यावी लागते. शुगरवाल्या घरात लाल टोपीची ४० युनिटवाली आणि केशरी टोपीची १०० युनिटवाली, अशा दोन्ही सिरिंज पडलेल्या असतात. अर्धा मिली म्हणजे लालवर २० ची खूण आणि केशरीवर ५० ची. मेडिकलवाल्याकडून एकच प्रकार पक्का करून घ्या. पैसे वाचवायला एक कुपी दोनदा वापरतात, ते अजिबात नको. तिच्यात जंतू रोखणारं काही नसतं, उरलेलं औषध दूषित होतं.

एक राहिलं. आई साठीपुढच्या आहेत आणि विमा नाही, म्हणून आयकराच्या जुन्या करप्रणालीत (एप्रिल २०२६ आधीच्या कायद्यातलं कलम ८०डी) ५०,००० पर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट तुम्हाला मिळते. त्यासाठी पैसे रोख देऊ नका, यूपीआय किंवा कार्डने द्या आणि बिलं जपून ठेवा.