न्यूयॉर्क सबवेचे चाळीस-पन्नास वर्षांचे डबे एकदम का बदलता येत नाहीत?

आपण विचारले आहे की, न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहराच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, इतके जुने डबे अजून का धावतात आणि ते सगळे एका झटक्यात काढून नवे का घेतले जात नाहीत. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स या भागात राहतो, कामाला सबवेनेच जातो आणि शिक्षणाने यंत्र अभियंता असल्यामुळे या विषयावर पूर्वीपासून लक्ष ठेवून आहे. पैशांची अडचण खरी आहे, परंतु माझ्या मते तिला गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. नवा डबा कारशेडमध्ये येऊन उभा राहिला म्हणजे तो लगेच भरवशाचा ठरत नाही आणि जुना डबा केवळ वय झाले म्हणून निकामी होत नाही. या दोन गोष्टी नीट समजल्या की आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

येथे डब्यांची प्रत्येक पिढी खरेदीच्या कराराच्या क्रमांकाने ओळखली जाते. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने १९६४-६५ मध्ये ६०० डबे बांधून दिले, ते ‘आर-३२’. त्यांची बाहेरची बाजू चकचकीत पन्हळी स्टेनलेस स्टीलची होती आणि त्यावरूनच त्यांना ‘ब्राइटलायनर’ हे नाव पडले. त्यांच्यानंतर १९७१ ते १९७३ या काळात सेंट लुईस कार कंपनीचे ‘आर-४४’ आले. आधीचे डबे साठ फुटांचे, हे पंचाहत्तर फुटांचे. म्हणजे तेवढ्याच लांबीच्या गाडीला दहाऐवजी आठ डबे पुरणार आणि मोटारी, ब्रेक, चाके या सगळ्यांचीच संख्या कमी होणार, असा हिशेब होता. पुढे ऑल्स्टॉम आणि कावासाकी यांच्याकडून १,६६२ ‘आर-१६०’ डबे घेण्यात आले, तेव्हा ते आर-३२ आणि त्यांच्या बरोबरीच्या डब्यांची जागा घेणार हे ठरलेलेच होते. पण २००९ मध्ये आर-४४ च्या ढाच्यालाच गंज लागल्याचे आढळले आणि २०१० मध्ये हे वयाने लहान असलेले डबे मुख्य मार्गांवरून काढावे लागले. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी दोनशेहून अधिक आर-३२ मागे ठेवले गेले, आणि त्यांतले शेवटचे डबे जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे, प्रवासी वाहत राहिले.

अर्थात हे फुकट झाले नाही. आर-३२ बांधले गेले तेव्हा त्यांना वातानुकूलन नव्हते. ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या मोठ्या दुरुस्तीत बसवले गेले. येथे अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या मार्गांपैकी ‘सी’ मार्ग सगळाच्या सगळा जमिनीखालून जातो आणि उन्हाळ्यात बोगद्यातल्या कोंडलेल्या उष्णतेत ही यंत्रणा वारंवार बंद पडू लागली. त्यामुळे २०११ च्या उन्हाळ्यात हे डबे सी मार्गावरून हलवून ‘जे’ आणि ‘झेड’ या बऱ्याच अंशी उन्नत असलेल्या मार्गांवर नेले, जेणेकरून त्यांना निदान काही अंतर मोकळी हवा मिळावी. आणि तिकडचे नवे डबे सी मार्गावर आणले. मोठ्या शहरातली वाहतूक अशाच लहानसहान तडजोडींवर चालते, आणि त्या करणाऱ्या कारशेडमधल्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

वयापेक्षा देखभाल अधिक महत्त्वाची, हे या शहराने फार मोठी किंमत मोजून शिकले आहे. १९७० च्या दशकात पैसे नाहीत म्हणून दुरुस्त्या वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या गेल्या. परिणामी १९८० च्या दशकाच्या आरंभी सरासरी सात हजार मैलही न धावता डब्यात बिघाड होत असे, आणि त्यांत तेव्हा फार जुने नसलेले डबेही होते. रिचर्ड रॅव्हिच हे सबवे चालवणाऱ्या एमटीए या संस्थेचे अध्यक्ष असताना १९८२ मध्ये पहिला भांडवली कार्यक्रम, म्हणजे मोठ्या गुंतवणुकीची योजना, सुरू झाला. त्यातून नवे डबे तर आलेच, पण जुन्यांची संपूर्ण दुरुस्तीही झाली, आणि भाग मोडल्यावर बदलण्याऐवजी ठरलेल्या मुदतीला तो मोडण्याआधीच बदलण्याची पद्धत रुजली. आर-३२ इतके टिकले ते बडच्या बांधणीमुळे आणि या शिस्तीमुळे.

आता नव्या डब्यांकडे वळतो. बॉम्बार्डिए कंपनीला २०१२ मध्ये ३०० ‘आर-१७९’ डब्यांची मागणी दिली गेली. सुरुवातीलाच जोडकामात तडे सापडले, वेळापत्रक कोसळले आणि डबे कित्येक वर्षे उशिरा आले. जानेवारी २०२० मध्ये दारे नीट बंद न राहिल्याच्या घटनांमुळे तोवर आलेले सगळे २९८ डबे एकदम सेवेतून काढावे लागले. त्या दिवसांत गाड्या सुरू राहिल्या त्या १९६० च्या दशकातल्या आर-३२ आणि आर-४२ डब्यांच्या आधारावर. पुढे जूनमध्ये चालत्या आर-१७९ गाडीचे दोन भाग सुटे झाले, आणि निवृत्त केलेल्या आर-३२ ना जुलैत पुन्हा रुळांवर यावे लागले. जुने डबे आधीच भंगारात काढले असते, तर त्या वेळी प्रवाशांना फलाटावर ताटकळत राहावे लागले असते.

सध्या येत असलेल्या कावासाकीच्या ‘आर-२११’ डब्यांचा प्रवास पाहिला की कालावधीचा अंदाज येतो. करार जानेवारी २०१८ मध्ये झाला, चाचणीची पहिली गाडी जुलै २०२१ मध्ये आली आणि प्रवाशांना ती मार्च २०२३ मध्ये मिळाली. तेव्हाही सुरुवातीला तिला प्रत्यक्ष प्रवासी घेऊन तीस दिवसांची परीक्षा द्यावी लागली. या डब्याचा एक तपशील मला विशेष आवडतो: त्याचे दार चार फूट दहा इंच रुंद आहे, तर आधीच्या डब्यांचे चार फूट दोन इंच. फरक आठ इंचांचा, पण गर्दीच्या वेळी उतरणारा आणि चढणारा एकमेकांना न अडता बाजूबाजूने जाऊ शकतात आणि गाडी स्थानकावर कमी वेळ रेंगाळते. पंचाहत्तर फुटी डब्यांनी नेमके येथेच नुकसान केले होते. दहा डब्यांच्या गाडीला एका बाजूला चाळीस दारे, तर आठ डब्यांच्या गाडीला बत्तीसच. शिवाय इतके लांब डबे ‘जे’, ‘एल’, ‘एम’ आणि ‘झेड’ मार्गांवरच्या वळणांवर चालवताच येत नाहीत.

यावरून आणखी एक अडचण लक्षात येईल. कोणताही डबा कोणत्याही मार्गावर नेता येत नाही. आकडी क्रमांकांच्या मार्गांचे बोगदे अरुंद आहेत आणि तेथील डबे सुमारे पावणेनऊ फूट रुंद व एक्कावन्न फूट लांब असतात. अक्षरी मार्गांवर डब्याची रुंदी दहा फूट. म्हणजे ही वस्तुतः दोन वेगळ्या आकारांची खरेदी असते. त्यात सीबीटीसी ही संगणकाधारित सिग्नल यंत्रणा एकेका मार्गावर येत आहे, आणि ती नसलेले डबे त्या मार्गावर फिरत राहिले तर गाड्यांमधले अंतर कमी करण्याचा तिचा मूळ हेतूच साधत नाही. त्यामुळे ‘ए’ आणि ‘सी’ गाड्या ज्यावरून धावतात त्या आठव्या ॲव्हेन्यूच्या मार्गाला डबे कधी मिळणार हे तेथील सिग्नलच्या कामावरही ठरते.

एकदम खरेदी करण्याविरुद्ध माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. १९८० च्या दशकात आर-६२, आर-६२ए, आर-६८ आणि आर-६८ए मिळून १,७७५ डबे काही वर्षांतच आले. त्या वेळी ते आवश्यकच होते. परंतु डब्याचे अपेक्षित आयुष्य साधारण चाळीस वर्षांचे धरले जाते, त्यामुळे ते सगळे आज एकाच वेळी म्हातारे झाले आहेत आणि २०२५-२९ च्या भांडवली कार्यक्रमात सुमारे १,५०० नव्या सबवे डब्यांची तरतूद करावी लागली आहे. जवळपास साडेसहा हजार डबे एका वेळी बदलले, तर चाळीस वर्षांनी हेच संकट चौपट होऊन समोर येईल. मोठ्या मागण्यांच्या मध्ये दीर्घ शुकशुकाट राहिल्याचा फटका कारखान्यांनाही बसतो. सेंट लुईस कार, पुलमन-स्टँडर्ड आणि बड या तिन्ही कंपन्यांनी एकामागून एक डबे बांधणे बंद केले, आणि मग त्यांच्या डब्यांच्या सुट्या भागांचा प्रश्न कोनी आयलंड आणि २०७ व्या रस्त्यावरच्या दुरुस्ती कार्यशाळांवर येऊन पडला.

म्हणून दर वर्षी दीडशे-दोनशे डब्यांची अखंड मागणी असावी, पहिल्या तुकडीतले दोष दुरुस्त होऊनच पुढची तुकडी यावी आणि नव्या डब्यांचा निदान एक उन्हाळा व एक हिवाळा सुरळीत पार पडेपर्यंत तेवढेच जुने डबे चालू स्थितीत राखून ठेवावेत, असे माझे मत आहे. आर-२११ च्या मागण्या ५३५, मग ६४० आणि मग ४३५ अशा तीन टप्प्यांत दिल्या गेल्या, ही मला त्या दिशेने जाणारी गोष्ट वाटते. आपण येथे आलात आणि ए मार्गावर १९७० च्या दशकातला आर-४६ मिळाला, तर त्याची जागा घेणारे डबे हेच आहेत.