नवरा ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला, मी घणसोलीला सासरी, व्हिसा कधी येणार काहीच कळत नाही. हे दिवस कसे काढायचे?

ताई, मी कळव्याची आणि मीही याच रांगेत आहे. माझ्या मिस्टरांनी आय-१३०, म्हणजे बायकोला बोलवायचा अर्ज, भरला तेव्हा तेही ग्रीन कार्डवरच होते, मधे ते सिटिझन झाले, आता आमची फाईल एनव्हीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे, डीक्यू झालीय म्हणजे सगळे कागद मान्य झालेत आणि मुंबईच्या इंटरव्ह्यूची तारीख तेवढी यायचीय. तिकडे पोचलेल्यांचे सल्ले तुम्हाला भरपूर मिळतील, मी अजून इथेच आहे म्हणून लिहितेय.

तुम्ही लिहिलंय की सहा-आठ महिन्यांत जायचंच आहे असं धरून लग्नानंतर नोकरी सोडली, आता दीड वर्ष झालं, दिवस स्टेटस बघण्यात जातो, फोनवर रोज वाद होतात, सासरची माणसं चांगली आहेत तरी पाहुण्यासारखं वाटतं, आणि टुरिस्ट व्हिसावर एकदा जाऊन येऊ का.

माझं मत विचाराल तर आधी नोकरी बघा, बाकी सगळं त्यानंतर. घरचे म्हणतील उद्या व्हिसा आला तर काय करशील? तर राजीनामा देईन, एवढंच. इमिग्रंट व्हिसा पासपोर्टवर लागला की दुसऱ्या दिवशी विमानात बसावं लागत नाही, मेडिकलच्या तारखेपासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते, त्यात तीन महिन्यांचा नोटीस पिरियडसुद्धा बसतो. आणि आपलं एच-४ वाल्या, म्हणजे एच-१बी नवऱ्यामागे डिपेंडंट म्हणून गेलेल्या, मैत्रिणींसारखं नसतं, आपण या व्हिसावर उतरलो की पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते, म्हणजे आत्ता इथे केलेला अनुभव तिकडे लगेच दाखवता येतो, उलट मधली दोन-तीन वर्षं रिकामी दिसली तर तेच समजावत बसावं लागेल. घणसोलीहून रबाळे, ऐरोली एक-दोन स्टेशनं, महापे रिक्षाने, तुम्हाला तर प्रवासाचाही त्रास नाही. पगार पहिल्यापेक्षा कमी मिळाला तरी घ्या. महिन्याच्या महिन्याला आपल्या खात्यात पैसे आले आणि डबा भरून घराबाहेर पडलं की त्या फाईलचा जोर निम्मा कमी होतो, हे मी अगदी खात्रीने सांगते.

आता हे सहा-आठ महिने कुठून आले ते सांगते, कारण आमच्याही घरात हाच हिशोब होता. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोची कॅटेगरी एफ२ए, तिथे वर्षाला ठरावीकच व्हिसे असतात. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत ही कॅटेगरी करंट होती, म्हणजे रांगच नव्हती, त्यामुळे तेव्हा गेलेल्या मुलींच्या घरचे 'आमचं तर पटकन झालं' म्हणतात ते खरंच आहे. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आलाय हे अमेरिकन सरकार ज्या व्हिसा बुलेटिनमधे सांगतं, त्यात एप्रिल २०२३ ला तारीख मागे गेली आणि मग रांग लागली. म्हणजे यांनी फॉर्म चुकीचा भरला असेल, यांना मला न्यायचंच नसेल, असले विचार रात्री दोन वाजता येतात ना, त्यांना काही आधार नाही, तो सगळा कोट्याचा प्रश्न आहे. तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला तुमचा नंबर ज्या तारखेवरून ठरतो ती, अर्जाच्या पावतीवर छापलेली असते. व्हिसा बुलेटिन महिन्यातून एकदाच येतं, तर तुम्हीही महिन्यातून एकदाच बघा. मधल्या दिवसांत तिथे काहीही बदलत नाही.

आणि एक, मिस्टरांना ग्रीन कार्ड मिळून किती वर्षं झाली? पाच वर्षं पूर्ण व्हायच्या नव्वद दिवस आधी एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, भरता येतो. ते सिटिझन झाले की तुम्ही इमिजिएट रिलेटिव्हमधे, म्हणजे कोटा नसलेल्या कॅटेगरीत, जाता आणि बुलेटिनचा संबंधच संपतो, फक्त सर्टिफिकेटची कॉपी पाठवून कळवावं लागतं. मुलाचा विचार असेल तर तो व्हिसावर टांगून ठेवू नका पण वकिलाशी आधी बोला, कारण सिटिझनच्या बायकोच्या फाईलवर मुलाचं नाव आपोआप चढत नाही, त्याचं वेगळं बघावं लागतं.

वादांचं. आमच्याकडे वाद व्हायचे ते बहुतेक व्हिसावरूनच, तू वकिलाला मेल केलास का, तू मॅरेज सर्टिफिकेट नीट स्कॅन केलंस का, आणि त्यात वेळेचा फरक असा की दोघांपैकी एकजण कायम थकलेला. उन्हाळ्यात साडेनऊ तास, नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. सकाळी साडेसातला मी ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर असते तेव्हा तिकडे रात्रीचे दहा, माणूस दिवसभर राबून आलेला, त्या वेळेला फाईलचा विषय काढला की भडका ठरलेला. मग आम्ही ठरवलं की व्हिसाचं फक्त रविवारी बोलायचं. मेल, कागद, पैसे, वकील सगळं रविवारी, त्याच दिवशी तिकिटं, बोर्डिंग पास, फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमधे टाकायचे, लग्न खरं आहे हे दाखवायला पुढे हेच लागतं. बाकी सहा दिवस विषय निघाला तर दुसऱ्याने 'रविवारी' म्हणायचं आणि पहिल्याने गप्प बसायचं. सुरवातीला फार जड गेलं कारण त्याशिवाय बोलायला काही उरलंच नव्हतं, आणि तेच तर दुरुस्त करायचं होतं.

शनिवारी रात्री साडेआठला, तिकडे सकाळचे अकरा, हे फोन मायक्रोवेव्हला टेकवून ठेवतात आणि पोहे करतात. मला फक्त त्यांचा खांदा आणि कढईची कड दिसते. मी इकडे कपड्यांच्या घड्या घालत असते, मोहरी तडतडलेली ऐकू येते, मधेच ते विचारतात हळद आत्ता की नंतर, त्यांना माहीत असतं तरी विचारतात. बराच वेळ कोणी काही बोलत नाही. घरात दोन माणसं असतात तेव्हा कुठे सतत बोलत असतात? व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसून गप्पा मारायचं ओझं नको, फोन बाजूला ठेवून आपापली कामं करा, करून बघा तुम्ही.

सासरचं मात्र जरा सविस्तर लिहिते कारण याच्यावर कोणी बोलत नाही. नवरा नसताना सासरी राहणं म्हणजे ज्याच्यामुळे नातं जोडलं गेलं तोच मधे नाही. सासूबाई कितीही चांगल्या असल्या तरी कपाट कुठलं माझं, रविवारी उशिरा उठलं तर चालेल का, माहेरी चार दिवस राहिलं तर वाईट दिसेल का, या सगळ्याची उत्तरं नवरा बरोबर असता तर आपोआप मिळाली असती. आता ती विचारून ठरवावी लागतात आणि ती सुनेने विचारायची नाहीत, मुलाने आईवडिलांशी बोलायची. आमच्याकडे ह्यांनी सासूबाईंना फोनवर स्पष्ट सांगितलं की ही महिन्यातले एवढे दिवस डोंबिवलीला आईकडे राहील, तिला दरवेळी परवानगी मागायला लागू नये. सासूबाईंना पहिल्यांदा लागलं, नाही असं नाही. पण नंतर त्याच मला विचारायला लागल्या की या वेळी शुक्रवारी जातेस का शनिवारी. हे तुम्ही स्वतः बोललात तर सून अलग व्हायला बघतेय असं होतं. तेव्हा मिस्टरांना सांगा की वकिलाला मेल करण्याइतकंच हेही त्यांचं काम आहे.

सण जड जातात, ते जाणारच. पाडव्याला मला सगळ्यात जास्त त्रास झाला. सासूबाईंनी फोन तांब्याला टेकवून पाटावर ठेवला, मी ओवाळायला लागले तर निरांजनाच्या ज्योतीने कॅमेरा नुसता पांढरा झाला आणि तिकडून ह्यांचा आवाज, अगं तू दिसत नाहीस. मी ताम्हण तसंच खाली ठेवलं आणि रडले, सगळ्यांसमोर. सासरे उठून आतल्या खोलीत गेले, सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला आणि काहीच बोलल्या नाहीत, मला ते फार बरं वाटलं. रडू आलं तर रडा हो, लोक काय म्हणतील म्हणून हसऱ्या चेहऱ्याने हळदीकुंकवाला फिरायची काही गरज नाही. 'अजून नाही झालं का?' विचारणाऱ्यांना 'तारीख आली की होईल' एवढंच सांगायचं आणि विषय बदलायचा, एफ२ए समजावत बसू नका.

पण झोप जात असेल, जेवण जात नसेल, दिवसेंदिवस कशातच मन लागत नसेल तर ते नुसत्या विरहावर ढकलू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली संस्था, घणसोलीहून लांब नाही. मी स्वतः कौन्सेलरकडे गेले होते आणि कोणी विचारलं तर सांगते.

राहिला टुरिस्ट व्हिसा. कायद्याने बंदी नाही. पण डीएस-१६० मधे, म्हणजे टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममधे, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन (आपला आय-१३० तीच) भरलीय का हा प्रश्न असतो, त्याला हो असंच लिहावं लागतं, एजंट काहीही म्हणो, खोटं लिहिलं तर मूळ फाईलच धोक्यात येते. आणि हो लिहिलं की ही परत येणार नाही असं ऑफिसरला वाटून २१४(बी) या कलमाखाली नकार मिळू शकतो. कोणाकोणाला मिळतोही व्हिसा, आणि नकार आला म्हणून आय-१३० रद्द होत नाही, तरी माझं मत विचाराल तर त्यावर आशा लावून बसू नका. नकाराचा तो कागद हातात घेऊन बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून घरी येणं आत्ताच्या मनस्थितीत फार जड जाईल.

त्यापेक्षा मिस्टरांना इकडे बोलवा. एका वेळी सहा महिन्यांपेक्षा कमी राहिले तर पुढे सिटिझनशिपच्या हिशोबालाही सहसा अडचण येत नाही, आणि कोणाला एवढी रजा मिळते, तीन आठवडे मिळाले तरी पुष्कळ. फक्त तिकीट काढायच्या आधीच घरात सांगून ठेवा की त्यातले चार दिवस दोघंच जाणार, अलिबाग म्हणा, दापोली म्हणा, आणि मावशी-आत्यांकडची जेवणं उरलेल्या दिवसांत. हेही त्यांनीच सांगायचं, तुम्ही नाही.