१८ फुटी शिडाची होडी विजयदुर्गच्या खाडीत रात्रभर ठेवायची असेल, तर किती किलोचा नांगर लागेल?

आपण कोल्हापुरात राहता, होडी वाघोटनच्या खाडीत (विजयदुर्गची खाडी ती हीच) आडोशाला नांगरून रात्र काढायची आहे, ती तशीच सोडून किनाऱ्यावर झोपायला जाता येईल का हेही आपल्याला हवे आहे, आणि ‘कोल्हापूरचा असल्यामुळे समुद्रातले फारसे कळत नाही’ अशी क्षमायाचना आपण प्रश्नातच करून ठेवली आहे. ती क्षमायाचना आधी मागे घ्यावी. विजयदुर्गाची उभारणी ज्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या नावावर सांगितली जाते, त्याचे ठाणे पन्हाळ्यावर होते, आणि सिंधुदुर्गासह मालवणचे बंदर १८१२ पर्यंत करवीरच्या गादीकडे होते. गगनबावड्याचा घाट उतरल्यावर कोणी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरून चेष्टा करू लागले, तर हे त्याला खुशाल ऐकवावे.

आता किलो. दोन रुंद पात्यांचा, डॅनफोर्थ पद्धतीचा ५ ते ६ किलोचा नांगर, त्याला जोडून ८ मिलिमीटरची ५ मीटर साखळी आणि पुढे १० किंवा १२ मिलिमीटर जाडीचा ४० मीटर नायलॉनचा दोर, एवढे आपल्या होडीला पुरते. खाडीचा तळ चिखलाचा किंवा वाळूमिश्रित चिखलाचा आहे असे मी धरून चालतो.

हे आकडे ऐकून आपल्याला ६ किलो फारच कमी वाटणार, याची मला खात्री आहे, कारण माझ्या मेव्हण्यालाही ते तसेच वाटले होते. त्याचा शिरोलीत ओतकामाचा कारखाना आहे आणि आमची होडी दोघांच्या भागीदारीतली आहे. उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वेल्डरकडून मी पात्यांचा नांगर करून घेतला, त्याला गॅल्वनाइज करवले आणि मेव्हण्याला दाखवला, तेव्हा त्याने तो एका हाताने उचलला आणि म्हणाला, “दाजी, ह्यानं कोंबडीबी बांधून राहायची न्हाई.” पुढच्या आठवड्यात त्याने उरलेल्या रसातून ३० किलोचा बिडाचा गोळा ओतला, त्यात कडी बसवली, आणि पुढच्या खेपेला हाच टाकायचा असे जाहीर केले. होडीवर त्याचे दोन मित्रही होते आणि तिघांचे मत एक पडले. माझा नांगर मी पुढच्या कप्प्यात दोरासकट ठेवून दिला. तो काढून टाका म्हणणाऱ्यांना मात्र दाद दिली नाही.

माघातली पौर्णिमा होती. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे पंधराव्या तिथीला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि ओहोटी साधारण पाच वाजता संपते. आम्ही पोहोचलो ते नेमके ओहोटीच्या तळाला, संध्याकाळी पाचला. पाणी २ मीटर होते आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून पाऊण मीटर उंच. मेव्हण्याने गोळा टाकला, १२ मीटर दोर सोडला आणि बांधून टाकला. त्या क्षणी हिशेब इतका वाईट नव्हता, कारण १२ भागिले पावणेतीन म्हणजे चारपटीहून जास्त दोर बाहेर होता. परंतु या किनाऱ्यावर उधाणाला पाणी सुमारे २ मीटर चढते (मुंबईला त्याच्या दुप्पट), आणि ज्याने रंकाळ्यातच होडी हाकली आहे त्याच्या मनात ही गोष्ट येतच नाही, कारण तळ्याचे पाणी संध्याकाळी असते तेवढेच पहाटे असते. अकरा वाजता खोली ४ मीटर, नाळेची उंची धरून पावणेपाच, आणि दोर मात्र तेवढाच १२ मीटर. म्हणजे प्रमाण अडीचपटीवर आले. अडीचपटीला ताणलेला दोर तळाशी सुमारे २४ अंशांचा कोन करतो आणि नांगराला वर उचलतो. सातपटीला तोच कोन ८ अंशांवर येतो आणि ओढ जवळजवळ आडवी लागते. पात्यांचा नांगर आडव्या ओढीने चिखलात खोल शिरतो, आणि वरच्या ओढीने निघतो. एवढे एक पक्के समजले की बाकीचे सगळे त्यातूनच सुचत जाते.

गोळ्याची गत याहून वाईट असते. बीड पाण्यात आपल्या वजनाचा सातवा हिस्सा हरवते, त्यामुळे ३० किलोचा गोळा तळाशी २६ किलोचाच भरतो, आणि चिखलावर घसरायला लागला की त्या २६ किलोइतकाही विरोध तो करत नाही. दुसरीकडे, १८-२० फुटी होडीला ३० नॉटच्या (ताशी सुमारे ५५ किलोमीटरच्या) वाऱ्यात दीडशे किलोच्या आसपास ताण धरून चालतात. वारा दुप्पट झाला की ताण चौपट होतो, म्हणून वजन वाढवून ही शर्यत कोणालाच जिंकता येत नाही. आपल्याकडे म्हशीच्या दाव्याला कोणी धोंडा बांधून ठेवत नाही, खुंटा ठोकतात. हे मी मेव्हण्याला त्याच्याच गोठ्यात उभे राहून सांगितले होते.

त्या रात्री भरती पूर्ण झाली आणि ओहोटीचा ओढ सुरू झाला. दुपारचे खारे वारे केव्हाच पडले होते आणि जमिनीवरून मतलई वारा सुटला होता, म्हणजे पाणी आणि वारा दोन्ही आता समुद्राकडे ढकलत होते. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून असलेली होडी पूर्वेकडे वळली. असे वळणे हा दोष नाही, खाडीत प्रत्येक होडी दिवसातून चारदा वळते. नांगर सुटला आहे की होडी नुसती फिरली आहे, हे ओळखता आले पाहिजे. त्यासाठी मी अंधार पडतानाच किनाऱ्यावरचे दोन दिवे हेरून ठेवले होते, जेट्टीवरचा एक आणि त्याच्या बरोबर मागे टॉवरचा लाल. होडी वळली तेव्हा ते एका रेषेतून थोडे सरकले, ते अपेक्षितच होते. पण वळून झाल्यावरही ते एकमेकांपासून दूर जातच राहिले. नाळेवर जाऊन दोराला हात लावला, तर तो थांबून थांबून थरथरत होता. धरलेल्या नांगराचा दोर असा थरथरत नाही. तळावरून काहीतरी घासत चालले की ती थरथर हाताला लागते.

मेव्हण्याला उठवले, तर तो म्हणाला, “जरा सरकंल आणि बसंल.” तो गोळा बसणार नव्हता, कारण त्याला बसायला काही अंगच नव्हते. आमच्या मागे मच्छीमारांच्या मोठ्या नौका उभ्या होत्या आणि त्यापलीकडे खाडीचे तोंड. मी माझा नांगर काढला, नाळेवरून हळूच खाली सोडला (फेकू नये, फेकला की साखळी पात्यांत गुंतते), दोर हाताखालून जाऊ दिला आणि तिसऱ्या पटीला एकदा आवळून धरला. होडीने हलका गचका खाल्ला आणि तिथेच थांबली. मग ३५ मीटरपर्यंत दोर सोडून बांधला. ४.७५ गुणिले ७ म्हणजे ३३, त्यावर दोन मीटर नाळेवरच्या बांधणीला. पहाटेपर्यंत दिवे हलले नाहीत. सकाळी शेजारच्या नौकेवरचा तांडेल (नौका चालवणारा) आमचा गोळा वर घेताना पाहत होता, त्याने “ह्यां काय हा?” एवढेच विचारले आणि मेव्हण्याने त्याला उत्तर दिले नाही.

यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात मेव्हणा असे सांगत आला आहे की त्या रात्री वादळी वारा होता आणि दोर तुटला. दोर तुटला नव्हता, तो आजही माझ्याकडे आहे. वारा १५ नॉटच्या वर गेला नव्हता. तो वादळी असता, तर त्याच वाऱ्यात त्याच्या गोळ्याच्या पाचव्या हिश्श्याचा नांगर पहाटेपर्यंत कसा टिकला, याचे उत्तर त्याने द्यावे. हे उत्तर त्याच्या वाचनात येईल अशी व्यवस्था मी करणार आहे.

दोराबद्दल थोडे. बाजारात निळा किंवा हिरवा प्लास्टिकचा स्वस्त दोर मिळतो, तो पॉलिप्रोपिलीनचा असतो आणि पाण्यावर तरंगतो, त्यामुळे दुसऱ्या नौकेच्या पंख्यात जातो. तो नांगराला लावूच नये. नायलॉन बुडतो आणि ताणला की लांबतो, म्हणून गचके पचवतो. साखळी आवश्यक आहे, कारण खाडीच्या काठाच्या खडकांवर कालवे असतात आणि त्यांच्या धारेने दोर रात्रीत कापला जातो. साखळी नांगराला जोडणाऱ्या शॅकलची पिन तारेने बांधून टाकावी, आणि दोर नाळेवरून जिथे घासतो तिथे पाइपचा तुकडा चढवावा. दोराला दर ५ मीटरवर रंगीत धागा गुंडाळला की अंधारात मोजदाद करावी लागत नाही. तळ कसला आहे हे पाहायचे असेल तर शिशाच्या वजनाच्या बुडाला ग्रीस फासून ते दोरीने खाली सोडावे. चिखल, वाळू किंवा शिंपल्यांची चूर त्याला चिकटून येते, आणि काहीच न चिकटता ते ठक्क वाजले तर खाली खडक आहे असे समजून पुढे जावे.

३५ मीटर दोर म्हणजे होडी जवळजवळ तेवढ्याच त्रिज्येने फिरणार. गर्दीच्या बंदरात एवढी जागा मिळत नाही. तेव्हा दोन नांगर टाकावेत, एक खाडीच्या वरच्या अंगाला आणि एक समुद्राच्या अंगाला, पण दोन्हींचे दोर नाळेवरच बांधावेत. मागच्या टोकाला बांधलेल्या छोट्या होडीत ओहोटीच्या ओढाला पाणी शिरते. मोठ्या नौकेला खेटून बांधा असे कोणी आग्रहाने म्हणाले तरी टाळावे. १७५६ मध्ये इंग्रजांच्या माऱ्यात तुळाजी आंग्रे यांचे एक जहाज पेटले आणि एकमेकांना लागून उभे असलेले अख्खे आरमार याच खाडीत जळाले. आपल्या होडीला आग लागणार नाही, पण भरती-ओहोटीत ती दोन नौकांमध्ये चेपली मात्र जाईल.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी, मेव्हण्याच्या बाजूने. होडी कायमची बांधून ठेवण्यासाठी काँक्रीटचे किंवा बिडाचे जड ठोकळे वापरतात आणि ते टिकतात. परंतु ते याहून कितीतरी जड असतात आणि महिनोन्‌महिने चिखलात रुतलेले असतात. एका रात्रीसाठी टाकलेल्या गोळ्याला तो लाभ मिळत नाही. तसेच खडकाळ तळावर माझा लाडका पात्यांचा नांगरही निरुपयोगी आहे, तिथे चार आकड्यांचा गळ लागतो. शिवाय वारा आणि पाणी उलट फिरले की पात्यांचा नांगर कधी कधी उपटतो आणि पात्यात शिंपला अडकल्यास पुन्हा रुतत नाही, म्हणून पाणी वळण्याच्या वेळी जागे असणे बरे.

म्हणूनच होडी सोडून किनाऱ्यावर झोपायला जाण्याबद्दल माझे मत असे की पहिल्या रात्री जाऊ नये. एक पूर्ण भरती आणि एक पूर्ण ओहोटी होडीवर बसून पाहावी, आणि शक्यतो अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत जावे, तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते. कांदळवनाच्या झाडांना दोर बांधू नये. जून-जुलैत तर विचारही करू नये. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते आणि त्या दिवसांत तिथल्या नौका किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतील. कुठे उभे राहता येईल हे बंदर कार्यालयात विचारून घ्यावे, कारण मच्छीमारांच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

आपल्या होडीच्या तळाला पक्की कील (खाली उतरलेले न हलणारे पाते) आहे की वर घेता येणारा सेंटरबोर्ड (तसेच पाते, पण सरकते) आहे, हे प्रश्नात नाही. सेंटरबोर्ड असेल तर ओहोटीला होडी सरळ चिखलावर बसू देता येते आणि खाडीच्या आतल्या उथळ कोपऱ्यात, वाऱ्याच्या पूर्ण आडोशाला जागा मिळते. कील असेल तर तिथे जाऊ नये, होडी कलंडेल. ते कळवले तर जागेबद्दल अधिक लिहिता येईल.